बाळंतशेपांच्या डब्यातली पुडी

मी पुडी पुढ्यात ओढली, चिमटीत मावेल तेवढं चूर्ण जिभेवर टाकलं आणि कस्टमच्या दोन माणसांसमोर पाण्याशिवाय गिळून दाखवलं. वर तोंडही उघडून दाखवलं. म्हटलं, बघा, वाईट काही असतं तर मी खाल्लं असतं का?

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण तो सगळा थोडा थोडा करून केला. एवढा एका घासात कधी केला नव्हता.

मोठा अधिकारी माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने टेबलावरची पुडी, डबा, माझी पिशवी, माझी पर्स, सगळं माझा हात पोचणार नाही इतकं लांब ओढलं. ओढताना अळिवाचा एक लाडू गडगडत खाली गेला. तोसुद्धा त्याने रबरी हातमोजा घालून उचलला आणि वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. माझा लाडू इतक्या जपून कुणी उचललेला मी पहिल्यांदाच बघितला.

मस्कतचा विमानतळ, सकाळची वेळ. मी सुनेच्या बाळंतपणाला आले होते. काचेच्या दारापलीकडे मुलगा उभा होता. सून घरी, हमरियात, तिसऱ्या मजल्यावर, दिवस भरत आलेली. याआधी तिची दोन मुलं पोटातच गेली होती. तिला आई नाही. तिने स्वतः फोन करून सांगितलं होतं, "आई, तुम्ही असाल तर मी निभावेन." मीही मोठ्या तोंडाने म्हटलं होतं, मी आले की तुला कशाचीच काळजी नको.

आणि आले ती अशी.

गंमत म्हणजे आखातात जाणाऱ्या बायकांना कायदा शिकवणारी आमच्या गावात मीच. शाळा चौथीपर्यंत, पण पेपर रोज वाचते, आणि पेपर वाचणाऱ्या बाईला गप्प बसवणं कठीण. तिकडे खसखस चालत नाही, खसखस अफूच्या झाडाची, एक दाणा सापडला तरी आत टाकतात, हे मी एवढ्या जणींना सांगितलंय की माझ्या मागे मला खसखसवाली म्हणतात. या खेपेला डिंकाचे लाडू केले ते खसखशीशिवाय. मसाला कुटला तो खसखशीशिवाय. खलबत्तासुद्धा तीनदा धुतला. निघायच्या आधी वरच्या आळीतली एक बाई आली. तिचा मुलगा सलालाहला असतो, त्याच्यासाठी मसाल्याची पिशवी नेशील का म्हणाली. मस्कतहून कुणी ना कुणी पुढे नेतंच. आमच्याकडे आखातात जाणाऱ्याच्या बॅगेवर साऱ्या गावाचा हक्क असतो. कुणाचं कोकम, कुणाचं मेतकूट, कुणाच्या नवऱ्याच्या चपला. मी तिची पिशवी उघडायला लावली, वास घेतला, आणि विचारलं, यात खसखस आहे ना? ती म्हणाली, आहे थोडी, त्याला आवडते. चार बायकांसमोर मी तिला सुनावलं की स्वतःच्या पोराच्या जिभेसाठी दुसऱ्याला तुरुंगात घालतेस का. ती बिचारी पिशवी घेऊन परत गेली. चार दिवसांनी मी भांग घेऊन विमानात बसले.

होय, भांग. मला माहीत होतं. मला फसवलं, मला कळलं नाही, असलं काही मी सांगणार नाही. वैद्याने मला समोर बसवून सांगितलं होतं की यात सुंठ आहे, आस्कंद आहे आणि शुद्ध करून घेतलेली भांग आहे थोडी, रात्री दुधातून घ्या, गुडघ्याची कळ थांबेल आणि झोप लागेल. लागायचीसुद्धा. दोन वर्षं मी त्या चूर्णावर झोपत होते.

आमच्याकडे भांग म्हणजे नशा नव्हे. नशा म्हणजे गांजा. तो देवळामागे बसून ओढणारे दोघं-तिघं असतात, त्यांच्या नावाने बायका बोटं मोडतात. भांग म्हणजे महाशिवरात्रीची. दुधात वाटून घातली की देवाची, वैद्याच्या खलात पडली की औषधाची. झाड एकच, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माडाला नारळही लागतो आणि त्याच माडाची माडीही निघते, म्हणून सत्यनारायणाला नारळ ठेवणाऱ्याला कुणी दारुडा म्हणत नाही. माझं डोकं असं चाललं होतं. खसखशीचा दाणा शोधायला मी चष्मा लावून बसले होते, आणि भांगेचा मला संशयसुद्धा आला नाही, कारण ती माझी होती. दुसऱ्याची असती तर मी तिचाही पेपरात वाचलेला कायदा सांगितला असता.

आता ते चूर्ण न्यायचंच का, तर बाळाच्या अंघोळीसाठी. आमच्याकडे बाळाला टबात बुडवत नाहीत. बाईने पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळ पोटऱ्यांवर पालथं घ्यायचं, तेल लावून, पीठ लावून, वरून कढत पाणी. माझ्या हातून आळीतली अठरा-वीस पोरं अशी न्हाली. सुनेला मी शब्द दिला होता की तुझ्या बाळाला मीच न्हाऊ घालीन. आणि माझे गुडघे असे की खाली बसले तर उठायला दोघी लागतात. रात्री चूर्ण घेतलं तर सकाळी कसंबसं बसता येई. त्या चूर्णाशिवाय मी म्हणजे नुसती देखरेख करणारी म्हातारी, आणि देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्या हमरियात काही कमी नव्हत्या.

गुडघ्यांचं मुलाला सांगितलं नव्हतं. तो इथे एसी दुरुस्त करतो, दर शुक्रवारी फोन करतो. गुडघे कसे आहेत विचारलं की मी म्हणे, घोड्यासारखी चालते. खरं सांगितलं असतं तर म्हणाला असता, मग तू नको येऊस, आम्ही बाई ठेवतो. म्हणून मुंबईच्या विमानतळावर मी स्वतःच चाकाची खुर्ची मागितली. मस्कतलाही खुर्ची आली. ढकलणाऱ्या माणसाला मी आधीच सांगून ठेवलं होतं की शेवटच्या वळणावर मला उतरव, दारातून मी चालत जाणार. मुलाने बघायला नको. असा माझा सगळा बेत.

वैद्याने चूर्ण चांगल्या बरणीत दिलं होतं. वर छापील चिठ्ठी, त्यावर त्याचं नाव, आत काय काय आहे ते. सोबत त्याच्या सहीचं पत्र, रुग्णाचं वय, आजार, सगळं. बरणी जागा खाते म्हणून मी ती घरी ठेवली. पत्र त्या बरणीच्या खाली फडताळात राहिलं. चूर्ण कागदात बांधलं, कागदाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, आणि ती पुडी बाळंतशेपांच्या डब्यात तळाशी घातली, का, तर शेपांच्या वासात तो वास मुरतो आणि कपड्यांना लागत नाही. कस्टमच्या माणसाने डबा उलटा केल्यावर हे सगळं कसं दिसलं असेल ते मला आता दिसतं. सतरा पुड्या, सतरा डबे, सगळ्यांवर मी बॉलपेनने नावं लिहिलेली. ओवा. बाळंतकाढा. वेखंड. फक्त एका पुडीवर नाव नाही, आणि तीच डब्याच्या तळाशी चिंधीत बांधलेली. चोराने यापेक्षा जास्त मेहनत घेतली नसती.

त्याने ती सोडून वास घेतला, दुसऱ्याला बोलावलं, त्याने वास घेतला. मला विचारलं काय आहे. मी म्हटलं दवा. कसली दवा? मला हिंदीत आस्कंदाला काय म्हणतात ते येईना. तेव्हा मला ती अक्कल सुचली, आणि मी चिमूट गिळली.

मग मला खुर्चीसकट आतल्या खोलीत नेलं. तिथे एक बाई अधिकारी आली. तिशी-पस्तिशीची, डोक्याला रुमाल, गणवेश, हातात वही. ती बलुची होती, तिनेच नंतर सांगितलं. हिंदी माझ्यापेक्षा कितीतरी बरी बोलत होती. माझी हिंदी म्हणजे मराठीच, फक्त मोठ्याने.

तिने शांतपणे विचारलं, हे कुणी दिलं, कुणासाठी आणलं, आधी कधी आणलंय का. मी सगळं खरं सांगितलं. भांग हा शब्दही मीच दिला, तिला शोधावा लागला नाही. तिने लिहून घेतलं आणि म्हणाली, "यहाँ पत्ता, फूल, तेल, पाउडर, सब एक है. अम्मा, ये जेल का काम है." मी तिला माड आणि माडीचं समजावू लागले. तिने हात वर करून थांबवलं. मग विचारलं, "आपके बेटे को मालूम था?"

इथे मी पहिल्या मूर्खपणाच्या डोक्यावर दुसरा ठेवला. मला तो प्रश्न पोलिसाचा वाटलाच नाही. मला वाटलं ही विचारते आहे की मुलगा आईची चौकशी करतो की नाही. आखातात पोरं गेली की आई-बापांना विसरतात असं लोक बोलतात, ते ऐकून ऐकून माझे कान किटलेले. मी ताठ बसले आणि म्हटलं, "मेरे बेटे को मेरा सब मालूम रहता है."

तिचं पेन थांबलं. "सब?"

"सब. माँ हूँ मैं."

तिने तेवढं लिहिलं, वही मिटली आणि बाहेर गेली. थोड्या वेळाने अर्धवट उघड्या दारातून मला मुलगा दिसला. दोन माणसं त्याला घेऊन चालली होती. त्याच्या हातात माझ्यासाठी आणलेल्या नव्या सपाता होत्या. त्याचा फोन एका पोलिसाच्या हातात होता आणि तो वाजत होता. थांबला, पुन्हा वाजला. दुसरं कोण असणार? ती घरात एकटी, पोटावर हात ठेवून, आई पोचल्या का विचारायला फोन करत होती. तो फोन कुणी उचलला नाही. मी बसल्या जागी मोजलं, सातदा वाजला. डॉक्टरने तिला सांगून ठेवलं होतं की रक्तदाब वाढता कामा नये, कसलाही धक्का नको. धक्का म्हणून मी स्वतः मुंबईहून तिकीट काढून आले होते.

आणि त्याच वेळी औषध लागू पडायला लागलं. वैद्याला दाद दिलीच पाहिजे. रिकाम्या पोटी, सकाळी, दुधाशिवाय, माझ्या नेहमीच्या मापाच्या दुप्पट गेलं होतं. डॉक्टर आला, नाडी बघितली, बाटलीत लघवी घेतली. ते सगळं मला दुसऱ्या कुणाचं तरी चाललंय असं वाटत होतं. जीभ जड झाली. मी मांडीला चिमटे काढत होते. मुलगा पलीकडच्या खोलीत गुन्हेगारासारखा उभा, सून घरात घाबरलेली, आणि त्यांची आई, जी सगळं निभावून नेणार होती, ती ओमानच्या पोलिसांसमोर खुर्चीत घोरत होती. माझ्या घोरण्यानेच मी जागी झाले. एक पोलीस हसू दाबत होता. गुडघे मात्र अजिबात दुखत नव्हते.

किती वेळ गेला कळलं नाही. मला दुसऱ्या खोलीत नेलं तेव्हा मुलगा टेबलापाशी बसलेला होता. चेहरा पांढरा. बाई अधिकारी मध्ये. तिने सांगितलं की आईने म्हटलंय मुलाला सगळं माहीत होतं, मुलगा म्हणतो काहीच माहीत नव्हतं, तर दोघांपैकी खोटं कोण बोलतंय.

खोटं रचायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. ही दुसऱ्या कुणाची तरी पिशवी, मला फक्त पोचवायला दिली, असं सांगणारे पुष्कळ असतात. पण ज्या एका बाईच्या नावावर ते खपलं असतं तिला मी स्वतःच चार जणींसमोर हाकलून दिलं होतं. सांगायला दुसरी कोणी शिल्लक नव्हती. झोपेने डोकं जड होतं, त्यात खोटं रचता येईना, म्हणून खरं सांगितलं.

"मॅडम, मैं झूठ बोली. इसको मेरा कुछ मालूम नहीं."

ती म्हणाली, आत्ताच तर सब म्हणालात.

मी सांगितलं की ते मी फुशारकी मारली. याला माझे गुडघे माहीत नाहीत. मी चाकाच्या खुर्चीतून आले हे माहीत नाही, आणि त्या खुर्चीवाल्याला विचारा, मी त्याला दाराच्या आधी उतरवायला सांगितलं होतं. मी जमिनीवर झोपत नाही हे माहीत नाही. माझ्या पायाची नखं शेजारची मुलगी कापते हे माहीत नाही. गेल्या गणपतीत मी चुलीपाशी पडले तेही माहीत नाही. हा शुक्रवारी फोन करतो आणि मी सांगते तेवढंच याला कळतं, आणि मी सगळं खोटंच सांगते.

मुलगा मराठीत म्हणाला, "आई, तू पडलीस?"

"पडले."

"गणपतीत? मी तेव्हा फोन केला होता. तू म्हणालीस, मोदक वळतेय."

"वळतच होते. पडल्या जागी बसून वळत होते. उठता कुठे येत होतं?"

त्याने तोंड फिरवलं. बाई अधिकाऱ्याला मराठी येत नव्हती, तरी ती एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. मग तिने त्याला हिंदीत विचारलं की आईचे गुडघे किती वर्षं दुखतात. तो म्हणाला, दुखत नाहीत, ती घोड्यासारखी चालते. आणि म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

"ये तो सच में कुछ नहीं जानता," ती म्हणाली.

एखाद्या आईला तिच्या मुलाबद्दल कुणी असं म्हणावं आणि तिला हायसं वाटावं, असं क्वचितच होत असेल.

त्याला लगेच सोडलं नाही. त्याचा फोन तपासला, घर तपासलं, लघवी घेतली. घर तपासायला माणसं गेली तेव्हा सुनेने दार उघडलं. शेजारची भाभी तिच्यासोबत होती. भाभी रत्नागिरीकडची, तिच्या नवऱ्याचं खाली दुकान आहे. ती पोलिसांना म्हणाली होती म्हणे, हिला खुर्चीत बसवून मग काय ते उचका. संध्याकाळी मुलाला घरी पाठवलं. मला ठेवलं.

बायकांच्या कोठडीत मी नऊ दिवस होते. तिथे मला कुणी मारलं नाही की ओरडलं नाही. सगळ्या अम्मा म्हणत. चहा, पाव, भात, मसूर. पलंग उंच होता, ती मेहेरबानी. चूर्ण मात्र नव्हतं, त्यामुळे पहिले तीन दिवस झोप म्हणून लागली नाही आणि गुडघ्यांनी दोन वर्षांचं सगळं उट्टं काढलं. तेव्हा मला कळलं की देवळामागे बसणाऱ्या त्या दोघा-तिघांत आणि माझ्यात फरक एवढाच की ते चिलमीतून घेतात आणि मी दुधातून. त्यांच्या नावाने मी बोटं मोडलेली आहेत.

चौथ्या दिवशी सकाळी ती बाई अधिकारी आली. तिचं काम नव्हतं, मुद्दाम आली. म्हणाली, बहू को हॉस्पिटल ले गए. रक्तदाब चढला होता. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. मी विचारलं, सोबत कोण आहे? पडोसन, ती म्हणाली. मी विचारलं, बच्चा? तिने मान हलवली, माहीत नाही अशी, आणि गेली.

तो दिवस मी काय केलं ते लिहिण्यासारखं नाही, कारण काहीच केलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसले. देवाला काही मागायची सोय नव्हती. मागणार तरी काय? की मी जे केलं ते तू निस्तर? दोन पोरं तिच्या पोटात कुणाची चूक नसताना गेली. तिसरं गेलं असतं तर त्याला कारण नावानिशी सांगता आलं असतं. लोकांनी तोंडावर म्हटलं नसतं, तिनेही म्हटलं नसतं. तिचा तो स्वभाव नाही. तिने मला जन्मभर आईच म्हटलं असतं, आणि ते मला दर वेळी ऐकावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई पुन्हा आली. दारातूनच म्हणाली, "लड़की. दोनों ठीक."

मी विचारलं, वजन किती? तिला ते माहीत नव्हतं. ती परत गेली, कुणाला तरी फोन करून आली आणि म्हणाली, दोन किलोच्या वर. मी म्हटलं, कमी आहे. ती पहिल्यांदाच हसली. म्हणाली, अम्मा, आप जेल में हैं. मी म्हटलं, तरी कमी आहे.

मुलाने वकील केला होता. गावाहून वैद्याचं पत्र आलं, बरणीचा फोटो आला. पत्राचा फारसा उपयोग नाही असं वकिलाने सांगितलं, इथे वैद्याची सही चालत नाही. उपयोग झाला तो गुडघ्यांच्या एक्सरेचा. ते एक्सरे बघितल्यावर कुणाला शंका राहिली नाही की ही बाई विकायला नाही, घ्यायलाच आणत होती. माझ्या गुडघ्यांनी मला बुडवलं आणि त्यांनीच काढलं. मुलाच्या हमीवर मला घरी सोडलं, पासपोर्ट ठेवून घेतला. पुढे दोन महिने मी दर आठवड्याला चौकीत हजेरी लावत होते. शेवटी ताकीद देऊन प्रकरण मिटवलं. पुढच्या आठवड्यात परत जायचं आहे. पुन्हा येता येईल का, ते कुणी सांगत नाही. सगळे इन्शाल्ला म्हणतात.

मधल्या काळात माझी कीर्ती पसरली. रुवीतून, कुठून कुठून आपल्याकडच्या बायका यायच्या. तोंडाने म्हणायच्या बाळ बघायला आलो, आणि बाळाकडे एकदा बघून माझ्याकडे बघत बसायच्या. कुणाची सासू येणार, कुणाचे वडील येणार, त्यांना काय आणू द्यावं हे विचारायच्या. मदिनत सुलतान काबूसला राहणारी एक शिकलेली बाई तर वही घेऊन आली. मी सांगते ते सगळ्यांना एकच. गोळ्या-औषधं ज्या डब्यात दिली त्याच डब्यात आणा, डॉक्टरची चिठ्ठी बॅगेत नको, हातात ठेवा, आणि आधी इथल्या माणसाला विचारा की हे चालतं का. भांग, गांजा, त्याचं तेल, त्याची गोळी, आपल्याकडे काहीही म्हणोत, इथे एकच, आणि चिमूटभर असली तरी पूर्ण धरतात. इथे यायच्या आधी खाल्लेली अंगातसुद्धा सापडते. दुसऱ्याची पिशवी उघडून बघता तशी स्वतःची उघडून बघा. त्या वहीवालीने विचारलं, आणि खसखस? मी म्हटलं, खसखशीचं मला विचारू नका, त्यात मी हुशार आहे.

सलालाहच्या मुलाच्या आईला मी फोन केला. तिला सगळं आधीच कळलं होतं. म्हणाली, "काकी, मसाला तेवढा नेला असता तर काय झालं असतं?" मी म्हटलं, आणखी थोडे दिवस. मग तिने बाळाचं वजन किती ते विचारलं.

सुटले त्या दिवशी मुलाने मला हमरियाच्या त्या इमारतीत आणलं. लिफ्ट नाही. तीन जिने. तो म्हणाला, खुर्ची मागवू का? मी म्हटलं, नको, आणि मग खरं बोलायची सवय लागावी म्हणून म्हटलं, होय, पण जिन्यावर खुर्ची कशी चढेल? शेवटी तो आणि भाभीचा नवरा, दोघांनी मला हाताच्या पाळण्यात उचलून वर नेलं. लग्नात मला कुणी असं उचललं नव्हतं.

भाभी न्हाणीघरात होती. पाटावर बसलेली, पाय लांब केलेले, पोटऱ्यांवर माझी नात पालथी, तेलाने चकाकणारी, उंदराएवढी. हॉस्पिटलातून आणल्यापासून दोन दिवस तीच न्हाऊ घालत होती. मला बघून ती उठली नाही, पाणीही थांबवलं नाही. म्हणाली, "या मावशी. बाळंतपणाला आला होतात की जेल बघायला?"

मी म्हटलं, "दोन्ही. मान पकड तिची, मागून."

"पकडलीये. तुम्ही बसा त्या स्टुलावर."

मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. तिथून मला पाण्यात हातही घालता येत नव्हता. मी म्हटलं, पाणी जरा जास्त कढत आहे. भाभी म्हणाली, नाही. आणि नव्हतंच.

सून आतल्या खोलीत पलंगावर होती. चेहरा सुजलेला, हाताला सलाइनच्या सुईच्या खुणा. मी दारात उभी राहिले, भिंतीला धरून. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मी काहीतरी बोलेन. ती म्हणाली, "आई, तुम्ही बसा आधी. गुडघे दुखत असतील." तिला गुडघ्यांचं कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं.

मी तिच्या पलंगाच्या कडेला बसले. भाभीने न्हालेली मुलगी कपड्यात गुंडाळून आणली आणि आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली. लाडू कस्टमने परत दिले नव्हते. बाळंतशेपाही नाहीत. मी रिकाम्या हाताने आले होते.

ती वाचली, तिची मुलगी वाचली. मीही आहे.